फुगे फुगतच नाहीत, नाताळ तोंडावर आलाय, काहीतरी सांगा

नगरची_वसईकरीण

सलाम मंडळी. मी मूळची नगरची, लग्न होऊन वसईत आले त्याला सहा वर्षं झाली. माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक, त्यामुळे उपासनेची मिस्सा झाली आणि करंज्यांचे फुगे झाले असं आमचे हे सारखे चिडवत असतात. तर प्रश्न फुग्यांचाच आहे, म्हणजे इथे नाताळात मैद्याचं पीठ आंबवून तळतात ते गोल, पावासारखे फुगे. दरवर्षी सासूबाई करतात, मी फक्त तळलेले उचलून टोपलीत ठेवते, पण यंदा त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि पंचवीस तारखेला घरात बावीस माणसं जेवायला. गेल्या आठवड्यात अर्धा किलो मैद्याचे करून बघितले तर तेलात टाकल्या टाकल्या गोट्यांसारखे तळाला जाऊन बसले, बऱ्याच वेळाने वर आले ते बाहेरून काळपट आणि आत कच्चं पीठ. कुत्र्याने पण वास घेऊन तोंड फिरवलं. ताडी मिळाली नाही म्हणून यीस्ट घातलं होतं, अंडं एक, नारळाचं दूध गरम करून, रात्री भिजवून सकाळी तळले. सासूबाईंना प्रमाण विचारलं तर म्हणतात हाताला कळतं. माझ्या हाताला अजून काही कळलेलं नाही. काय चुकतंय?

गिरीजची_मावशी

अगं दूध किती गरम केलंस ते सांगितलंच नाहीस, पण मला वाटतं तिथेच घोटाळा आहे. कडकडीत दुधात यीस्ट टाकलं की ते मेलंच म्हणून समज, बोट घालून कोमट लागेल इतकंच हवं. आणि आधी वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेव, वर फेस आला तर पुढे जा, नाही आला तर ते पाकीट फेकून दे, मैदा तरी वाचेल. दुकानात पडून पडून जुनं झालेलं असतं कितीदा.

आता प्रमाण घे. अर्धा किलो मैदा, दीड छोटा चमचा ड्राय यीस्ट, एक अंडं, एक मोठा चमचा साखर, चवीला मीठ आणि अर्ध्या नारळाचं दूध. दूध पाणी सगळं मिळून दीड-पावणेदोन वाट्या, पण एकदम ओतू नकोस. पीठ पोळीच्या कणकेसारखं नको आणि भज्यांसारखं पण नको, हाताने वर उचललं तर चिकटून लांब दोर यायला पाहिजे. मग पातेलं मांडीत घे आणि खालून वर, खालून वर असं पंधरा मिनिटं फेट, दंड दुखायला लागले की बरोबर झालं. आमची आजी हे झाल्यावर पातेलं गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायची, डिसेंबरात वसईत रात्री गारवा असतो ना. तू ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवलंस तरी चालेल. दुप्पट झालं की लगेच तळायला घे, रात्रभर बाहेर ठेवलंस तर आंबून खाली बसतं.

टाकायची पद्धत पण बघून घे. डावा हात पाण्यात बुडवायचा, मुठीत पीठ घ्यायचं आणि मूठ आवळायची, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून गोल फुगा वर येतो, तो ओल्या चमच्याने काढून तेलात. चमच्याने थेट पातेल्यातून टाकलं तर भजी होतात. तेल भरपूर घे, तापव आणि मग आच मध्यम कर. नीट आंबलेला फुगा आपला आपण उलटतो, तुला झारा लावावाच लागत नाही.

बांद्र्याचा_पाववाला

ताडी नाही तर बिअर घाल, माझा मित्र घालतो.

गिरीजची_मावशी

बाटलीतल्या बिअरला ताडीचा जोर कुठला रे. ताडी सकाळी उतरवली की गोड असते, दुपारपर्यंत ती आपली आपण आंबत जाते, ते आंबणंच फुग्याला लागतं. आमच्याकडे सांदणाला पण तीच. बिअर घालायचीच तर घाल पण यीस्ट सोडू नका.

ठाण्याची_ईस्ट_इंडियन

मावशींनी फुग्याचं सगळं सांगितलंय, मी इंद्यालचं, म्हणजे आमच्याकडच्या डुकराच्या मांसाच्या विंदालूचं सांगते, कारण फुगे नुसते कोण खाणार. बावीस माणसं असतील तर इंद्याल तेवीसलाच करून ठेव, उगाच पंचवीसला सकाळी घाम काढू नकोस. लसूण, आलं, जिरं, हळद, मोहरी, मिरी, काश्मिरी मिरच्या हे सगळं व्हिनेगरमध्ये वाट, पाण्याचा थेंब नको, दोन दिवस मुरलं की चव अशी चढते की विचारू नको. आमच्याकडे इंद्यालला बॉटल मसाला घालत नाहीत, तो उन्हाळ्यात कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला असतो तो रोजच्या कालवणाला. आणि कुणी पाहुणा विंदालूत बटाटा शोधायला लागला तर त्याला सांग की ते नाव पोर्तुगीज आहे, वाईन आणि लसूण, आलूशी संबंध नाही. पोर्तुगीज वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तोवर दोनशे वर्षांत व्हिनेगर आमच्या स्वयंपाकघरात मुरलं ते मुरलंच.

टोरांटोची_धाकटी

मी इथे दरवर्षी करते. कॅनमधलं नारळाचं दूध घेत असाल तर ते फार दाट असतं, निम्मं पाणी घालून घ्या नाहीतर पीठ जड होतं, पहिल्या वर्षी माझे पण दगड झाले होते. आणि मीठ यीस्टवर थेट टाकू नका, मैद्यात मिसळा. कुलकुल, म्हणजे ते वळून तळलेले गोड शंख, मात्र मी सोडून दिले, काट्याच्या पाठीवर एकेक वळत बसायला घरात चार माणसं लागतात, एकटीने करायचं काम नाही ते. गोव्याची शेजारीण त्यांना किडयो म्हणते, तिच्या मुलाने त्याचा अर्थ अळ्या असा सांगितल्यापासून माझी मुलं खातच नाहीत.

भिंगारवाला

विषय फुग्यांचा आहे पण नगर वाचलं आणि राहवलं नाही. ताई तुमच्याकडे पण केक बेकरीत न्यायचे का? आई घरी पीठ फेटून डबे भरायची, प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, आणि आम्ही पोरं रात्री भट्टीसमोर नंबर लावून बसायचो. एका वर्षी चिठ्ठी जळाली आणि आमचा टुटीफ्रुटीवाला केक दुसऱ्याच घरी गेला, आम्हाला त्यांचा बिनअंड्याचा आला. आई ती गोष्ट अजून विसरलेली नाही.

नगरची_वसईकरीण

सगळ्यांचे आभार. मावशी, तुम्ही म्हणालात तेच, मी दूध उकळूनच ओतलं होतं. काल पाव किलोचे करून बघितले. यीस्टला फेस आला, पीठ ओव्हनमध्ये दीड तासात दुप्पट झालं. पहिले चार वाकडेतिकडे, मूठ जमेना, पाचवा गोल आला आणि तेलात गर्रकन उलटला तेव्हा मी किंचाळलेच, सासूबाई प्लास्टरचा हात सांभाळत धावत आल्या. एक खाऊन म्हणाल्या मीठ कमी आहे. इतकंच. पण मग स्वतःच अजून तीन घेतले.

भिंगारवाले दादा, हो हो, आमच्याकडे पण भट्टी! आणि करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा सगळं दिवाळीसारखंच, दिवाळीत ज्यांच्याकडून ताट आलेलं असायचं त्यांच्याकडे नाताळात आमचं जायचं, आणि ताट रिकामं परत येत नसे, चिमूटभर साखर तरी असायचीच. इथे करंजीला नेवरी म्हणतात आणि सारण जरा वेगळं असतं. यंदा सासूबाईंनी स्वतःच सांगितलंय की तुझ्या नगरच्या करंज्या कर, खसखस आणि सुकं खोबरं घालून, मी बसून कातणं फिरवते, डावा हात मोकळा आहे ना. आता शनिवारी खोबरं किसायला कोण येतंय ते बघते, ह्यांना अजून सांगितलेलं नाही.