'बीटल्ससारखं अजून काय ऐकू?' : गिटार बघू नका, गळे मोजा

पुणे_तीस
'बीटल्स संपले, आता त्यांच्यासारखं काय ऐकू' असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. एक जण ओएसिस म्हणतो, दुसरा रोलिंग स्टोन्स, आणि ॲप साठच्या दशकाची भेळ करून देतं. माझं म्हणणं, 'सारखं' शोधताना काळ, केस आणि गिटारी बाजूला ठेवा. किती गळे गातायत आणि ते एकमेकांपासून कसे चालतात, एवढंच बघा.

बीटल्समध्येच याच्या निदान तीन तऱ्हा आहेत, आणि आपल्याला कुठली आवडते हे ठरल्याशिवाय शोध सुरूच होत नाही.

पहिली, एकाने सूर धरायचा आणि दुसऱ्याने खाली उतरायचं. 'प्लीज प्लीज मी' (१९६३) घ्या. पांढरी तीनचा (पेटीची तिसरी पांढरी पट्टी, पाश्चात्त्य ई) सा धरला तर लेनन सां नि ध प असा पायऱ्या उतरतो आणि मॅकार्टनी वर सां ला खिळा ठोकून उभा. युक्ती एव्हर्ली ब्रदर्सच्या 'कॅथीज क्लाउन'मधून (१९६०) उचललेली. दुसरी, तिघं खांद्याला खांदा लावून एकाच ओळीत : 'धिस बॉय', 'यस इट इज'. तिसरी, स्टुडिओत चढवलेले थर. 'बिकॉज' (१९६९) मध्ये लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन तिघांनी मिळून तीनदा गायलंय, म्हणजे नऊ आवाज.

पहिली आवडत असेल तर मागे एव्हर्लींकडे जा. दुसरी आवडत असेल तर हॉलीज, आणि तिथून ग्रॅहॅम नॅशचं बोट धरून क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश. तिसरीसाठी बीच बॉइज, झॉम्बीज, टेन सीसी, आणि नव्वदच्या दशकातले जेलीफिश. ओएसिस यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. तिथे बहुतेक वेळा एकच गळा पुढे असतो.

कोमल_धैवत
साफ असहमत. गळे मोजायचे तर आमच्या गल्लीतलं भजनी मंडळही यादीत येईल.

ईगल्सचं 'सेव्हन ब्रिजेस रोड' (१९८०, लाइव्ह) पाच आवाजांत आहे आणि सुरेखच आहे, पण ते ऐकून कुणाला बीटल्स आठवत नाहीत. कारण सारखेपणा चालीत आणि कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांत) असतो, आवाजांची मांडणी हा वरचा रंगाचा हात. तुमचीच पांढरी तीन धरा आणि 'नोव्हेअर मॅन'च्या कडव्याची शेवटची ओळ पेटीवर लावा. कॉर्ड येतात एफ शार्प मायनर, ए मायनर, मग ई. त्यांच्या पोटातला एकच सूर बघा : ध, मग कोमल ध, मग प. त्या कोमल धैवतावर पोटात जे खड्डा पडल्यासारखं होतं ना, लोक त्याला 'बीटल्ससारखं' म्हणतात. 'इन माय लाइफ'मध्येही हीच घसरण आहे, फक्त पांढरी सहाला.

आणि गंमत म्हणजे तुम्ही हाकलून दिलेल्या ओएसिसच्या 'डोंट लुक बॅक इन अँगर'मध्ये ती जशीच्या तशी आहे. सी मेजरमध्ये एफ, एफ मायनर, सी. गळा एक का असेना.

माझी यादी म्हणून वेगळी आहे : बॅडफिंगरचा 'स्ट्रेट अप' (१९७१), बिग स्टारचा 'नंबर वन रेकॉर्ड' (१९७२), क्राउडेड हाउसचा 'वुडफेस' (१९९१). बॅडफिंगर तर बीटल्सच्याच ॲपल कंपनीतले. 'कम अँड गेट इट' मॅकार्टनीने लिहिलेलं, 'डे आफ्टर डे' हॅरिसनने रेकॉर्ड करून घेतलेलं आणि स्लाइड गिटारही त्याने वाजवलेली. याहून जवळचे नातेवाईक कुठून आणणार?

पुणे_तीस
@कोमल_धैवत, नातेवाईक आहेत म्हणून स्वभाव जुळतो असं नाही, हे पुण्यात सांगायला लागू नये.

कोमल धैवताचं मान्य. पण ती सोय साठ वर्षं सगळेच वापरतायत. 'बिकॉज' एकट्याने गिटारवर गाऊन बघा, काय उरतं ते सांगा. 'धिस बॉय' एकट्याने गा, बऱ्यापैकी साधं गाणं निघेल. तुमच्या यादीतला 'वुडफेस' मीही देईन, पण तो उभा आहे नील आणि टिम या दोन फिन भावांच्या गळ्यांवर. 'वेदर विथ यू'मधून एक भाऊ काढा, मग बोलू.

रिळं_आणि_गंज
दोघंही गाण्याबद्दल बोलताय, ऐकायचं कशावर ते कुणी बोलत नाहीये. निम्म्या लोकांना हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाणं) ऐकूच येत नाही त्याचं कारण कान नसून स्पीकर असतो. एकुलता एक ब्लूटूथ डबा डावं-उजवं एकत्र करून टाकतो आणि तीन आवाजांचा एक जाड आवाज होतो. साधे तारेचे इयरफोन घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चुकून चालू राहिलेलं असतं, ते बंद करा.

मग ही युक्ती करून बघा. बीटल्सचे पहिले दोन अल्बम दोनच ट्रॅकच्या (टेपवरच्या स्वतंत्र पट्ट्यांच्या) यंत्रावर झाले : एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. चार ट्रॅकचं यंत्र त्यांना मिळालं १७ ऑक्टोबर १९६३ ला, ज्या दिवशी 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' आणि 'धिस बॉय' झालं. त्यामुळे पहिल्या दोन अल्बमच्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्यं डावीकडे आणि आवाज उजवीकडे पडलेत. डावा इयरफोन काढून ठेवा की जवळजवळ नुसते गळे उरतात. फुकटात शिकवणी.

इथे एक फसगत होते. २०२३ मध्ये '१९६२-१९६६' हा लाल संग्रह नव्याने मिक्स होऊन आला. त्यात आवाज मध्यभागी आणलेत. ऐकायला ते बरंच वाटतं, पण ही युक्ती त्यावर चालत नाही. गाणं मूळ अल्बममधून लावा, संग्रहातून नको.

आता धाग्याच्या वादाबद्दल. 'थर' या एका खणात तुम्ही टेन सीसी आणि झॉम्बीज एकत्र कोंबलेत ते चूक. टेन सीसीच्या 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह'मधला (१९७५) आवाजांचा ढग हे खरं तर वाद्य आहे. तिघांनी एकेक सूर सोळा-सोळा वेळा गायला, म्हणजे सुराला ४८ आवाज. असे १३ सूर, एकूण ६२४. त्यांच्या टेपच्या लूप केल्या आणि मिक्सरच्या पट्ट्या वरखाली करून कॉर्ड 'वाजवल्या'. त्यात एकही गळा ओळखू येत नाही, आणि तेच हवं होतं. झॉम्बीजच्या 'ओडेसी अँड ओरॅकल'मध्ये (१९६८) माणसं ओळखू येतात. 'चेंजेस' ऐका : जवळजवळ नुसते गळे, मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) आणि ठेका. तो अल्बम बराचसा बीटल्सच्याच ॲबी रोड स्टुडिओत झालाय, १९६७ मध्ये, हजार पौंडांच्या बजेटमध्ये. बाहेर येईपर्यंत बँड मोडला होता. बीटल्सनंतर एकच अल्बम ऐकणार असाल तर हा, पुढचं भांडण नंतर.

खालचा_सूर
सूर ओळखायला पेटी काढणाऱ्यांना एक सूचना. टेपचा वेग बदललेली गाणी पेटीशी जुळणार नाहीत. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' दोन वेगळ्या पट्ट्यांतले आणि वेगळ्या लयींतले टेक वेग बदलून जोडलेलं गाणं आहे. ते पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या फटीत पडतं. स्केल चेंजर पेटी असली तरी उपयोग नाही. तिथे कानानेच सा धरा.

आपल्या कानांची खरी अडचण वेगळी आहे. तंबोऱ्यावर वाढलेला कान एक चाल धरतो आणि बाकी सगळं 'मागचा कोरस' म्हणून सोडून देतो. म्हणून शिफारशी गोळा करण्याआधी आठवडाभर एकच गाणं घ्या. 'इफ आय फेल' (१९६४) सगळ्यात सोपं. दोनच आवाज, एकाच मायक्रोफोनवर, आवाजांत भरपूर अंतर. सुरुवातीचा लेननचा एकट्याचा तुकडा सोडून द्या. दोघं एकत्र सुरू झाले की वीस सेकंदांचा तुकडा करा. आधी वरचा आवाज गुणगुणा, तो आपोआप येतो. मग फक्त खालचा. पहिल्या चार-पाच वेळा तुम्ही नकळत घसरून वरच्यावर जाल, सगळ्यांचं होतं. कारण कान उंच सुराकडे ओढला जातो. तसं झालं की आवाज बंद करून खालची ओळ एकट्याने म्हणा, मग परत गाण्याबरोबर. खालचा पक्का झाला की दोन ओळींमधलं अंतर कुठे आवळतं, कुठे सुटतं ते दिसायला लागतं.

आवाज वेगळे करून देणाऱ्या नव्या ॲपच्या नादी लागू नका. ती गळे वाद्यांपासून छान काढतात, पण गळा गळ्यापासून काढताना दोघांचं पीठ करतात. आणि आपल्याला तर गळ्यापासून गळाच वेगळा हवा असतो.

हा व्यायाम केल्यावर हॉलीज ऐका आणि मग बर्ड्स. फरक लगेच कळेल. हॉलीजमध्ये नॅशचा उंच आवाज कायम डोक्यावर तरंगतो. बर्ड्समध्ये मॅग्विन आणि जीन क्लार्क बऱ्याचदा एकाच सुरात गातात आणि क्रॉस्बी एकटाच त्याभोवती वेल चढवतो. बर्ड्सची बारा तारी रिकनबॅकर गिटार हॅरिसनची बघून आली हे खरं, पण गळ्यांचा हिशोब सर्वस्वी वेगळा. म्हणजे इथे मी पुणे_तीस यांच्या बाजूने. गिटार फसवते.

कोमल_धैवत
@खालचा_सूर, व्यायाम उत्तम, पण तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. 'इफ आय फेल'मध्ये मजा दोन गळ्यांची नाही, दोन स्वतंत्र चाली लिहिल्या आहेत त्याची आहे. मुख्य चाल खालची, लेननची. पण अर्धं जग वरची गुणगुणतं. नुसतं 'सा ला ग लावा' असल्या ठोकळ्याने हे होत नाही. म्हणजे शेवटी चाल लिहिणारा महत्त्वाचा, गाणाऱ्यांची संख्या नाही.

रविवार_बाराला
जेलीफिशचं नाव आलं म्हणून. 'स्पिल्ट मिल्क' (१९९३) गोड आहे, फार गोड आहे. क्वीन, बीच बॉइज, बीटल्स सगळ्यांची साय एकाच वाटीत. दोन गाण्यांनंतर जीभ बधिर होते. एका बैठकीत पूर्ण ऐकू नका, नाहीतर दोष बँडला द्याल.

त्यापेक्षा ग्लासगोजवळच्या बेल्सहिलचे टीनेज फॅनक्लब. 'ग्रँड प्रिक्स' (१९९५) आणि 'साँग्ज फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन' (१९९७). ब्लेक, लव्ह आणि मॅगिन्ली तिघंही गाणी लिहिणारे, तिघंही गाणारे, आणि कुणीही ओरडत नाही. हार्मनी मिरवायची नाही, ज्याचं गाणं आहे त्याच्या मागे उभं राहायचं. 'स्पार्कीज ड्रीम'पासून सुरू करा. मात्र जेरार्ड लव्ह २०१८ मध्ये बाहेर पडला. नंतरचे अल्बम आधी ऐकून मत बनवू नका.

पुणे_तीस
@रविवार_बाराला, टीनेज फॅनक्लब एकसुरी आहेत. चांगले, सभ्य, एकसुरी. मधल्या लयीतून बाहेर पडतच नाहीत. बीटल्सच्या एका अल्बममध्ये जेवढी वळणं असतात तेवढी यांच्या तिनांत नाहीत. जेलीफिशचा अजीर्णाचा धोका पत्करतो.

रविवार_बाराला
मग वळणं हवीत का गळे, ते आधी ठरवा. धागा काढलात गळ्यांवर.

सख्खे_चुलत
भावंडांचा मुद्दा नुसता येऊन गेला, तो थांबून बघायला हवा. एव्हर्ली, बीच बॉइजमधले तीन विल्सन आणि त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह, बी जीज, फिन बंधू, आणि आत्ताचे लाँग आयलंडचे लेमन ट्विग्ज. एका घरात वाढलेल्यांचे स्वर उच्चारायला सारखे असतात. 'आ' किती उघडायचा, शब्दाच्या शेवटी 'स' कधी सोडायचा, हे जुळवावं लागत नाही. हार्मनी फाटते ती बहुतेक वेळा सुरात नाही, उच्चारात. इथल्या कॉलेजच्या बँडांची हीच अडचण असते : तिघंही सुरात असतात, पण एक जण शब्द अर्ध्या मात्रेने आधी संपवतो आणि मग तीन 'स' सुतळी बॉम्बसारखे एकामागोमाग फुटतात. उपाय जुनाच आहे, शेवटचं व्यंजन एकानेच म्हणायचं.

बी जीज म्हटलं की डिस्को आठवणाऱ्यांनी 'बी जीज फर्स्ट' (१९६७) ऐकावा. लेमन ट्विग्जचा 'एव्हरीथिंग हार्मनी' (२०२३) नव्यांमधला पहिला क्रमांक.

रिळं_आणि_गंज
लेमन ट्विग्ज म्हणजे वस्तुसंग्रहालय. काचेआड सगळं चकचकीत. नक्कलच हवी असेल तर यूटोपियाचा 'डिफेस द म्युझिक' (१९८०) ऐका, निदान ते थट्टा करतोय हे लपवत नाहीत.

आणि कुणीच एक्सटीसीचं नाव घेतलं नाही हे नवल. 'स्कायलार्किंग' (१९८६) घ्या, पण २०१० पासून मिळणारी पोलॅरिटी दुरुस्त केलेली आवृत्ती. मूळ मास्टर (ज्यावरून प्रती निघतात ती टेप) उलट्या पोलॅरिटीचा, म्हणजे विजेच्या लहरीचं अधिक-उणे उलटलेला, असल्याचं नंतर लक्षात आलं. जुन्या प्रतीत तळ पातळ वाटतो, आणि तळ पातळ झाला की वरचे गळे हवेत लटकल्यासारखे होतात. तुमच्या इयरफोनचा दोष नाही.

कोमल_धैवत
एक्सटीसीमध्ये दोन गीतकार, आणि लोकांना ते बीटल्ससारखे वाटतात. गळे मोजायला कुणी बसलेलं नाही.

पुणे_तीस
बरं, असं करू. बिग स्टारचं 'द बॅलड ऑफ एल गुडो' दोघांनी उद्या ऐकायचं. तुम्ही कॉर्ड लिहून काढा, मी आवाज. धृपदात मागचे गळे शिरतात तिथे कोण जिंकतं ते इथेच लिहू. पट्टीवरून भांडण नको, आधीच सांगा पेटी काळी पाचला आहे की पांढरी सहाला.

कोमल_धैवत
चालेल. आणि बिग स्टार हे नाव मेम्फिसच्या एका किराणा दुकानांच्या साखळीवरून घेतलंय, म्हणजे तुमच्याकडे गळ्यांची यादी वाण्याच्या यादीसारखी येणार. पांढरी सहा.