सहा-सात वर्षांच्या पोरांना पास द्यायला कसं शिकवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. शाळेत असताना फुटबॉल खेळायचे, आता भागातली 6 ते 8 वर्षांची पंधरा-सोळा पोरं सकाळी गांधी मैदानावर जमवते, त्यात तीन मुली पण आहेत. आपल्याकडं किक मारायला शिकवावं लागत नाही, पोरं आजोबांबरोबर शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या इथल्या तालमींच्या टीमच्या मॅच बघतच मोठी झालीत. अडतं ते एकत्र खेळण्यात.

बॉल जिकडं तिकडं सगळी झुंबड, गोलकीपरसुद्धा! आपल्याच टीमच्या पोराच्या पायातनं बॉल काढून घेतात. त्यात एक पोरगा लई भारी आहे, तिघाचौघांना सहज चकवतो पण बॉल कुणाला म्हणून देत नाही, आणि त्याचे वडील लाईनवरनं "एकटा जा, मार मार" करत असतात. बाकीची पोरं मग मातीत रेघोट्या ओढत बसतात. एका मुलीनं घरी सांगितलं, मला बॉलच मिळत नाही, मी नाही जाणार. ते मला फार लागलं.

पण "पास दे, पास दे" म्हणून त्याला सारखं टोकलं तर त्याचं ड्रिबलिंग (बॉल पायात ठेवून चकवत पळणं) मरेल ही पण भीती वाटते, कारण बॉलशी दोस्ती व्हायची ती याच वयात. आपला अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडनं खेळला, हे या पोरांना पाठ आहे आणि प्रत्येकाला तसंच व्हायचंय. मग पासचा आग्रह आत्ता धरू का थांबू? आणि मोठ्यांचा 5 नंबरचा बॉल वापरतोय, चालेल का?

प्रतिसाद :
ताई, मी बारकी पोरं शिकवतो म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे 5 नंबरचा बॉल बंद करा, तो 410 ते 450 ग्रॅमचा असतो, एवढ्याशा पायाला जड पडतो, 3 नंबरचा घ्या. दुसरं, आठ-आठची मॅच लावूच नका. तीन विरुद्ध तीन, छोटं मैदान, चपला ठेवून गोल, कीपर नाही, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतोच. झुंबडीचं टेन्शन घेऊ नका, या वयात पोराला बॉल आणि आपण एवढंच दिसतं. त्या पोराला टोकू नका, त्याच्या समोर दोघं आणि त्याच्या बाजूला एक असं खेळवा, अडकला की आपोआप बाजूला बघंल. आणि गोल झाला की ज्यानं बॉल दिला त्याचं नाव आधी घ्या, मोठ्यानं. सुरुवातीला मात्र ज्याचा त्याचा बॉल, मनसोक्त ड्रिबलिंग.

दादा, मनापासून आभार. नाव आधी घ्यायचं हे फार पटलं, रविवारपासनं तीन-तीनचं लावते आणि त्या मुलीला स्वतः घरी जाऊन बोलावते. त्या वडलांशी कसं बोलू तेवढं कुणीतरी सांगा, माणूस चांगला आहे, पोरासाठी पहाटे उठून येतो, दुखवायचं नाही त्यांना. आणि 3 नंबरचे जुने बॉल कुणाकडं पडून असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.