डूमवाले नुसते चीट कोड वाटत नव्हते

वर कोणीतरी म्हटलंय की नव्वदच्या दशकातले गेम फॅन म्हणजे चीट कोड आणि क्रॅक (गेमचं कॉपी-संरक्षण तोडणाऱ्या फाइल्स) वाटणारी पोरं, ते अजिबात पटलं नाही. डूमचंच घ्या ना, डिसेंबर १९९३ ला गेम आला आणि १९९४ च्या सुरुवातीलाच लोकांनी स्वतःच डीईयू नावाचा लेव्हल एडिटर, म्हणजे गेमच्या नव्या लेव्हल्स बनवायचा प्रोग्राम, बनवून फुकट दिला, आणि डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीने अडवलं तर नाहीच, मुख्य म्हणजे एवढंच मागितलं की या लेव्हल्स फुकटच्या शेअरवेअर कॉपीवर (गेमचा थोडाच भाग असलेल्या नमुना आवृत्तीवर) चालू नयेत. ती अट लोकांनी बऱ्यापैकी पाळली, हे मला फार भारी वाटतं.

अजून एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. बहुतेक वॅड फाइल्ससोबत (डूमच्या लेव्हल्स ज्या फाइलमध्ये असतात ती) एक टेक्स्ट फाइल असायची, ठरलेल्या नमुन्याची. लेव्हल नवी की कोणाच्या तरी लेव्हलवरून केलेली, कुठला एडिटर वापरला, बनवायला किती वेळ लागला, माहीत असलेले बग कुठले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याने ही लेव्हल घेऊन पुढे काही केलं तर चालेल की नाही. म्हणजे श्रेय आणि परवानगी या गोष्टी या हौशी लोकांनी आपणहून लावून घेतल्या होत्या. त्या फाइल्स आजही आयडीगेम्स या डूमच्या फाइल्सच्या ऑनलाइन संग्रहात वाचायला मिळतात, नक्की चाळा. आणि काम तरी कसलं, टीमटीएनटी या हौशी गटाचा ३२ लेव्हल्सचा संच १९९५ मध्ये फुकट निघणार तेवढ्यात आयडीनेच विकत घेतला आणि १९९६ ला फायनल डूममध्ये दुकानात आणला.