मदत हवी: एका टाइमआउटनंतर डिव्हाइस सस्पेंड होतच (वीज वाचवायला झोपतच) नाही, युसेज काउंट (किती जण वापरताहेत याची मोजणी) १ वर अडकतो

लिनक्स ६.६, एसओसीमधल्या (सगळी यंत्रणा असलेली एकच चिप) एडीसी ब्लॉकचा (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) प्लॅटफॉर्म ड्रायव्हर. एक क्लॉक, एक रेग्युलेटर (वीजपुरवठा), एक इंटरप्ट (काम झाल्याचा हार्डवेअरचा इशारा). ऑटोसस्पेंड (वापर थांबल्यावर आपोआप झोपण्याआधीचा वेळ) २०० मिलिसेकंद. सस्पेंड कॉलबॅकमध्ये क्लॉक आणि मग रेग्युलेटर बंद होतो, रिझ्यूममध्ये उलट क्रमाने दोन्ही चालू, बाकी काही नाही.

प्रोबमध्ये (ड्रायव्हर सुरू होताना) घेतलेलं चाचणी रीडिंग बरोबर येतं. थोड्या वेळाने रनटाइम_स्टेटस सस्पेंडेड, रनटाइम_युसेज ०. इथवर ठीक. पाच सेकंदांनी रीडिंग मागितलं की १०० मिलिसेकंद थांबून उणे ११० (टाइमआउट). त्यापुढची सगळी रीडिंग बिनचूक, पण डिव्हाइस कायम अ‍ॅक्टिव्ह आणि युसेज १. वाढतही नाही, उतरतही नाही.

रीड फंक्शनचा क्रम: पीएम_रनटाइम_गेट_सिंक (काउंट वाढवून डिव्हाइस जागं करणारा), स्टार्ट बिट, इंटरप्टची वाट. वेळ संपली तर एचडब्ल्यू_इनिट (रजिस्टरं लिहिणारं आमचं फंक्शन, एरवी फक्त प्रोबमध्ये चालतं) करून एरर परत. आला तर डेटा वाचून मार्क_लास्ट_बिझी आणि पुट_ऑटोसस्पेंड (काउंट उतरवणारा).

प्रतिसाद

आधी डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरमधली कंट्रोल फाइल बघा. तिथे 'ऑन' असेल तर कर्नल स्वतःच एक काउंट धरून बसतो आणि नेमका हाच १ दिसतो. युडेव्हचा (डिव्हाइसांची सेटिंग लावणारी सेवा) एखादा नियम ते गुपचूप लिहून ठेवतो.

प्रश्नकर्ता

कंट्रोल 'ऑटो'च आहे. शिवाय टाइमआउट होईपर्यंत युसेज ० वर येतोय.

प्रतिसाद

मग कंट्रोल फाइल सोडा. तुमच्याकडे दोन चुका आहेत आणि एक दुसरीला झाकते आहे.

वरवरची चूक: टाइमआउटच्या फांदीत पुट नाही. गेटने वाढवलेला काउंट तिथेच राहतो. पण नुसता तेवढा पुट घालून थांबू नका, नाहीतर दर २०० मिलिसेकंदांहून मोठ्या खंडानंतरचं पहिलं रीडिंग फसेल आणि पुट घातल्यामुळेच बिघडलं असं वाटेल.

मूळ प्रश्न हा की टाइमआउट होतोच का. नुसता क्लॉक थांबवला तर रजिस्टरमधलं सहसा टिकतं. रेग्युलेटर बंद केला की ब्लॉक रीसेट अवस्थेत उठतो. इंटरप्ट एनेबल बिट प्रोबमध्ये एकदाच लिहिलाय, पहिल्या सस्पेंडमध्ये तो पुसला गेला. रूपांतर बहुधा पूर्ण होतही असेल, इंटरप्ट मात्र येणार नाही. टाइमआउटनंतर एचडब्ल्यू_इनिट तो बिट पुन्हा लिहितं आणि गळलेला काउंट डिव्हाइसला परत झोपू देत नाही. म्हणून पुढे सगळं छान चालतंय.

खात्री करायची तर टाइमआउटच्या फांदीत, एचडब्ल्यू_इनिटच्या आधी, इंटरप्ट एनेबल रजिस्टर छापा. ० दिसलं पाहिजे. काउंट कुठे चढतो-उतरतो ते बघायला /सिस/कर्नल/ट्रेसिंग/इव्हेंट्स/आरपीएम/एनेबल मध्ये १ लिहा.

दुरुस्ती: रिझ्यूममध्ये रेग्युलेटर, मग क्लॉक, मग रजिस्टर लिहिणं. मधली पायरी फसली तर आधीच्या पायऱ्या उलगडून एरर द्या. रीड फंक्शनमध्ये बाहेर पडायची वाट एकच ठेवा आणि पुट तिथे. गेट_सिंकच्या जागी पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट वापरा (५.१० पासून आहे). गेट_सिंक अपयशी ठरला तरी काउंट वाढवून ठेवतो. हा नवा फसला की काउंट स्वतः उतरवतो, तेव्हा त्याच्या एररवर पुट करू नका.

प्रश्नकर्ता

रजिस्टर ०च निघालं. एचडब्ल्यू_इनिट रिझ्यूममध्ये हलवलं, तर आता रीड करणारी प्रोसेस डी स्टेटमध्ये (न मोडता येणाऱ्या झोपेत) लटकते. किलही होत नाही.

प्रतिसाद

एचडब्ल्यू_इनिटच्या आत गेट_सिंक आहे का? असेल तर तेच. रिझ्यूम चालू असताना स्टेटस 'रिझ्यूमिंग' असतं, आतला गेट_सिंक ते संपायची वाट बघतो आणि ते संपणार त्याच कॉलबॅकने. स्वतःच्याच दाराला आतून कडी. नुसती रजिस्टरं लिहिणारं वेगळं फंक्शन काढा, त्यात पीएमचा एकही कॉल नको.

प्रश्नकर्ता

होता. काढला, आता प्रत्येक रीडिंगनंतर युसेज ० आणि टाइमआउट नाही.

प्रतिसाद

सस्पेंडची बाजूही आत्ताच बघून घ्या. क्लॉक बंद करण्याआधी इंटरप्ट मास्क (बंद) करा आणि सिंक्रोनाइझ_आयआरक्यू करा (चालू हँडलर संपायची वाट बघतो). नाहीतर हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) क्लॉक नसलेल्या रजिस्टरला हात लावेल आणि काही एसओसींवर सगळी बसच अडकेल. त्यावर उपाय म्हणून हँडलरमध्ये गेट_सिंक टाकू नका, तो झोपू शकतो आणि हँडलरला झोपणं चालत नाही.

रूपांतर चालू असताना सस्पेंड नाकारायचा असेल तर उणे १६ (बिझी) किंवा उणे ११ (पुन्हा प्रयत्न करा) च द्या. दुसरा कुठलाही एरर दिलात की कर्नल डिव्हाइसवर एररचा शिक्का मारतो आणि पुढचा प्रत्येक गेट उणे २२ (अवैध) घेऊन परततो.

प्रोबमध्ये हार्डवेअर तुम्ही हाताने चालू करत असाल तर पीएम_रनटाइम_सेट_अ‍ॅक्टिव्ह हे एनेबलच्या आधी हवं. कर्नल सुरुवातीला डिव्हाइस सस्पेंडेडच धरतो. ते राहिलं तर पहिल्या गेटला रिझ्यूम पुन्हा चालतो, क्लॉक आणि रेग्युलेटर दोनदा एनेबल होतात, आणि नंतर कितीही सस्पेंड झालं तरी वीज बंद होत नाही. स्टेटसमध्ये हे दिसत नाही. क्लॉकचा एनेबल काउंट डीबगएफएसमधल्या (कर्नल तपासायच्या फाइलींची जागा) क्लॉक समरीत बघा, सस्पेंडेड असताना या ड्रायव्हरचा वाटा ० हवा.