मदत हवी आहे: वेल्श क्वायरसोबत अभंग कसा बसवू?

नमस्कार मंडळी. मी वेल्समधल्या स्वान्सीला राहते. इथल्या एका पुरुषांच्या क्वायरने (गायकवृंदाने) वार्षिक कार्यक्रमात पाहुणी गायिका म्हणून बोलावलं आहे. दुसऱ्या पाहुण्या हार्प वाजवतात. पूर्वार्धात मी एकटी भूपातली बंदिश गाणार, ते ठरलंय. उत्तरार्धात मात्र क्वायरसोबत काहीतरी करायचं आहे, आणि घोडं तिथे अडलंय.

हे लोक चार भागांत गातात, उंच आवाजाकडून खालच्याकडे: पहिले टेनर, दुसरे टेनर, बॅरिटोन, बास. आवाज असे की तालमीच्या खोलीत पायाखालची जमीन हलते. संचालकांना माझ्या अभंगाखाली पियानोचे कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) घालायचे आहेत. पण दर ओळीला कॉर्ड बदलला की माझा षड्ज, म्हणजे सा, सुटतो. मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा.

एक गोष्ट सोयीची आहे. क्वायरमधले जुने लोक टॉनिक सोल्फा, म्हणजे 'डो-रे-मी' अशा अक्षरांत लिहिलेले सूर, वाचतात. एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन यांनी रुजवलेली ही पद्धत वेल्सच्या चॅपलांत (छोट्या प्रार्थनाघरांत) घरोघरच्या माणसांना गायला शिकवून गेली. त्यात 'डो' आपल्या सा-सारखा कुठल्याही पट्टीत बसतो, त्यामुळे सरगम लिहून दिली तर चालेल. पण लिहू काय? आणि लवकर हवं, कारण कार्यक्रमात ते सगळं पाठ करून, कागद न बघता गातात.

प्रतिसाद १: ताई, पूर्ण अभंग नको, शेवटी 'जय जय राम कृष्ण हरी'चा गजर घ्या. तुम्ही म्हणा, त्यांनी उचलावं. तुमचं चालू असताना बासना खालचा सा, बॅरिटोनना पंचम, तोंड मिटून. काळी चार म्हणजे त्यांचा ए फ्लॅट, बासना सहज लागतो. श्वास एकेकाने वेगवेगळ्या वेळी घ्यायचा, सूर तुटत नाही. हे त्यांना शिकवायला लागणार नाही. कॉर्ड काय ते फक्त गजरात.

प्रतिसाद २: सहमत. आणि पियानो बंदच ठेवा. आपला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा जरा उतरलेला असतो, दोन्ही एकदम वाजले की कान किटतात. नुसते गळे असले तर चांगली क्वायर आपोआप तिथे येते.

प्रतिसाद ३: गाण्याचं होईल हो. 'हेन व्लाद व न्हादाय' पाठ आहे का? कार्यक्रमाचा शेवट बहुधा त्यानेच होतो आणि पाहुण्यांनाही सोबत उभं राहावं लागतं. १८५६ साली पॉन्टिप्रिधच्या बापलेकांनी केलेलं गाणं, आज वेल्सचं राष्ट्रगीत. ओठ हलवून भागत नाही, समोरच्या रांगेतल्या आजींना कळतं!

धागाकर्ती: धन्यवाद! संचालकांना खर्ज-पंचमाची (खालचा सा आणि पंचम धरून ठेवायची) कल्पना आवडली. 'राम'मधला र तर ते आपल्यापेक्षा खणखणीत म्हणतात, 'कृष्ण'चा मात्र 'क्रिश्ना' होतोय. ण जिभेवर कसा आणायचा, कुणी परदेशी मंडळींना शिकवलंय का? आणि टाळ त्यांच्याच हाती द्यावेत की मीच वाजवू?