बाबांना डायव्हर्टिक्युलायटिस झालाय, दाण्याचा कूट कायमचा बंद करायचा का?

नाशिकची_लेक:
बाबा ६४ वर्षांचे. गेल्या आठवड्यात ओटीपोटात डावीकडे दुखायला लागलं, आम्ही गॅस समजून ओवा दिला, दुसऱ्या दिवशी १०१ ताप, मग ॲडमिट केलं. सीटी स्कॅनमध्ये हे निघालं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीला छोट्या पिशव्या झाल्यात आणि त्यांना सूज आलीय, पू वगैरे नाही म्हणाले. सलाईन, अँटिबायोटिक्स, चार दिवसांनी घरी. आता पेज चालू आहे. आत्या म्हणते तीळ, दाणे, पेरू सगळं आयुष्यभर बंद, बिया आतड्याच्या पिशव्यांत अडकतात. बाबांना कुटाशिवाय भाजी जात नाही, ताट बघूनच तोंड उतरतं त्यांचं. परत होऊ नये म्हणून काय करायचं?

हडपसरकर:
मला दोनदा झालंय. बियांचं आता मागे पडलंय, २००८ साली अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, ४७ हजार पुरुष १८ वर्षं बघितले, दाणे-मका-पॉपकॉर्न खाणाऱ्यांना हे जास्त झालं नाही. आता पेज ठीक आहे पण दुखणं थांबलं की भाज्या, फळं, डाळी हळूहळू वाढवा, एकदम नको नाहीतर पोट फुगतं, आणि पाणी भरपूर. मी सिगारेट सोडली, रोज चालतो, मटण कमी केलं.

सिस्टर_ताई:
सर्जिकल वॉर्डात काम करते. गुडघ्या-कंबरेसाठी पेनकिलर घेतात का बाबा? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी धोका वाढतो, आतडं फुटण्याचासुद्धा, स्टिरॉइडनेही. हे नक्की विचारा, पेशंट आपणहून सांगत नाहीत.

नाशिकची_लेक:
ताई, आत्ता त्यांच्या शर्टाचा खिसा बघितला, डायक्लोफेनॅकची अर्धी स्ट्रिप!! गुडघ्यासाठी वर्षभर घेतायत, मेडिकलमधून परस्पर. आम्हाला पत्ताच नाही.

सिस्टर_ताई:
ती स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा, गुडघ्याला दुसरं काहीतरी देतील. हार्टसाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र मनाने बंद करू नका. ६ ते ८ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात, आत कॅन्सर तर नाही ना हे बघायला, आधी झालेली नसेल तर टाळू नका. ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही, पूचा साठा मोठा असेल तर आधी नळी घालून काढतात. पण ताप परत चढला, पोट लाकडासारखं कडक झालं, उलट्या थांबेनात किंवा शौचातून रक्त गेलं तर रात्री २ वाजले तरी थेट हॉस्पिटल गाठा, ओवा देत बसू नका.

नाशिकची_लेक:
उद्याच जाते. आत्यालाही हे वाचून दाखवलं, ती म्हणते बरं, मग कूट आधी चमचाभरच घालते.