अनुभवी एरियल कलाकाराला दूरस्थ वैयक्तिक मार्गदर्शनाचा कितपत उपयोग होतो?

प्रश्न : सुताची_दोरी (सोलापूर)

नमस्कार. शाळेत असताना मी सोलापुरात आठ वर्षे दोरीचा मल्लखांब केला. पुढे नोकरीनिमित्त पुण्यात असताना सहा वर्षे एरियल सिल्क (उंचावरून टांगलेल्या लांब कापडावरच्या कसरती) शिकले आणि त्यांतील शेवटची दोन वर्षे नवख्यांचे वर्गही घेतले. गेल्या वर्षी घरच्या कारणाने सोलापूरला परतले. पूर्व भागात मामांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. त्यातील एका शेडमधले माग विकले गेल्याने ती रिकामी झाली, तेव्हा पत्रे पेलणाऱ्या सांगाड्याला, म्हणजे छताच्या लोखंडी कैचीला कापड टांगून मी तिथेच सराव सुरू केला. उंची सुमारे सहा मीटर आहे आणि खाली जाड गादी आहे. शेजारच्या शेडमधले माग मात्र चालूच असतात. तिथली सुताची रुई हवेतून येऊन पकड घट्ट बसावी म्हणून कापडाला लावलेल्या राळेला चिकटते, आणि चार दिवसांत नेमका पकडीच्याच जागी करडा, गुळगुळीत थर बसतो. पुण्यात असताना असल्या अडचणीची कल्पनाही आली नसती.

आता मुद्द्याचे. माझ्या पातळीवर शिकवणारे गावात मला कोणी सापडले नाही. दर आठवड्याला पुण्याला जायचे तर हुतात्मा एक्सप्रेसने जातानाचे चार तास आणि येतानाचे चार तास, म्हणजे अख्खा दिवस जातो. म्हणून दूरस्थ पद्धतीने एकास एक शिकवणाऱ्या इंग्लंडमधील एका प्रशिक्षिकेशी बोलणे सुरू केले आहे. मला नव्या करामतींची यादी नको आहे. एका हातावर लोंबकळताना माझा उजवा खांदा कानाकडे चढतो आणि दुसऱ्या दिवशी ठणकतो. गुंडाळ्या सोडत खाली येण्याचा एक ड्रॉप शेवटी झटका देऊन थांबतो. चार मिनिटांची रचना बसवली आहे, पण तिच्यातले जोड पाहताना दोन वेगवेगळ्या व्यक्ती आलटून पालटून काम करत आहेत असे वाटते. या तीन गोष्टींसाठी पैसे खर्च करावेत का? समोरासमोर व्हिडिओ कॉल घ्यावा की चित्रीकरण पाठवून अभिप्राय घ्यावा? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : उलटा_लोलक

ताई, गेली दीड वर्षे मी असे मार्गदर्शन घेत आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो. आपल्या तीन अडचणींपैकी तिसरीला याचा सर्वाधिक उपयोग होईल. पहिलीला काही अंशी होईल, आणि दुसरीच्या बाबतीत फार जपून राहावे लागेल.

कॉल आणि चित्रीकरण यांपैकी मी निःसंशय चित्रीकरणाला पसंती देईन. कॉलवर आवाज पोहोचायला, समोरच्याला दिसायला आणि त्याचे उत्तर परत यायला मिळून सहज अर्धा सेकंद जातो. मुक्तपणे पडणारे शरीर अर्ध्या सेकंदात सुमारे सव्वा मीटर खाली येते. म्हणजे प्रशिक्षकाची सूचना ज्या क्षणासाठी असते तो क्षण केव्हाच मागे पडलेला असतो, आणि उशिरा ऐकू आलेला शब्द पाळायला जाणे हे काहीच न ऐकण्यापेक्षा वाईट. त्यामुळे माझे कॉल केवळ जमिनीवरच्या कामासाठी असतात: पूर्वतयारी, ताण, ताकदीचे व्यायाम आणि आधी पाठवलेल्या चित्रीकरणावरची चर्चा.

चित्रीकरणाचीही एक शिस्त आहे. एक कॅमेरा समोरून आणि एक बाजूने, दोन्ही साधारण अर्ध्या उंचीवर ठेवावेत. जमिनीवर ठेवलेल्या फोनमधून पाय लांब आणि खांदे आखूड दिसतात, मग खांद्याबद्दल कोणी काय सांगणार? कापडाचे टोक आणि गादी चौकटीत आलीच पाहिजे. सेकंदाला ६० चौकटींचे चित्रीकरण करावे, म्हणजे गती कमी करून पाहताना हात पुसट होत नाहीत. आणि काटछाट करू नये. सगळ्यांत चांगला प्रयत्न तेवढा पाठवण्याचा मोह मलाही होत असे, पण माझ्या प्रशिक्षकांनी दमल्यानंतरचा तिसरा प्रयत्न मागून घेतला. त्यात त्यांना जे दिसले ते मला सहा वर्षांत दिसले नव्हते: वर चढताना प्रत्येक वेळी माझा डावा हात कापड धरतो, किंचित सोडतो आणि पुन्हा धरतो. दहा वेळा चढलो तर वीस पकडी होतात. ती एक सवय काढायला सात आठवडे लागले, आणि रचनेच्या शेवटच्या मिनिटात हात थरथरणे थांबले.

याआधी मी दुसरीकडे पैसे घालवले होते, तेही सांगतो. तिथे पहिल्याच दिवशी बारा आठवड्यांचा तयार तक्ता हाती आला. माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एकाला आला तो अक्षरशः तोच, वर नाव तेवढे बदललेले. म्हणून पारख सोपी आहे. पैसे घेण्याआधी ती व्यक्ती आपल्याला किती प्रश्न विचारते ते पाहावे. जुन्या दुखापती, आठवड्यातले सरावाचे तास, टांगण्याची व्यवस्था, सरावाच्या वेळी शेडमध्ये दुसरे कोण असते, हे काहीही न विचारता जी व्यक्ती थेट दर सांगते तिला नम्रपणे नकार द्यावा.

वेळेचे गणितही आधी मांडून पाहा. इंग्लंड उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिथे सकाळी नऊला कॉल ठरला तर सोलापुरात दुपारचा दीड वाजलेला असतो. मे महिन्यातल्या दीड वाजता पत्र्याच्या शेडमध्ये काय होते, ते सोलापूरकरांना मी सांगायला नको. उलट मॉन्ट्रियलमधल्या कोणाची उन्हाळ्यातली रात्री आठची वेळ मिळाली, तर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच असतात. हात कोरडे, माग बंद, रुईही बसलेली. शिवाय ते शहर सर्कस शिक्षणाचे मोठे केंद्र आहे, तिथली राष्ट्रीय सर्कस शाळा १९८१ पासून चालू आहे.

उत्तर : नट_बोल्ट

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, एरियलमधले मला काही कळत नाही. पण वरच्या प्रश्नातील 'छताच्या लोखंडी कैचीला कापड टांगून' हे शब्द वाचल्यावर पुढचे काही नीट वाचवले नाही.

कारखान्याच्या शेडची कैची पत्रे, त्यांचे वजन आणि वारा एवढे धरून बांधलेली असते. खालून कोणी माणूस झटके देईल हा हिशेब तिच्यात नसतो. आपले वजन ५५ किलो धरू. दोन मीटर मोकळे पडून आपण पुढच्या अर्ध्या मीटरमध्ये थांबलात, तर थांबताना पडणारे सरासरी बल वजनाच्या पाचपट, म्हणजे २७५ किलोंच्या भाराइतके होते. कमाल बल त्याहूनही जास्त असते. थांबण्याचे अंतर पाव मीटरवर आले की तेच नऊपट होते. ताई, आपला तो 'शेवटी झटका देऊन थांबणारा' ड्रॉप नेमका हाच प्रकार असावा. जो झटका खांद्याला जाणवतो तोच वर कैचीलाही बसतो, फरक एवढाच की कैची बोलून दाखवत नाही. त्यातही कापड दोन सांध्यांच्या मधल्या पट्टीला बांधलेले असेल तर ते आजच काढावे, कारण तिथे पट्टी वाकण्याचा धोका सांध्यापेक्षा खूप अधिक असतो.

कॅराबिनरवर (कापड टांगायच्या उघडझाप होणाऱ्या कडीवर) छापलेले आकडेही वाचून घ्यावेत. लांबीच्या दिशेने २२ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे शंभर किलोंचा भार) पेलणारा कॅराबिनर आडवा फिरला की बहुधा सातच्या आसपासच पेलतो. कोणत्याही दूरस्थ प्रशिक्षकाने फोटो पाहून 'व्यवस्था ठीक दिसते' असे सांगितले, तर त्या वाक्याला काडीची किंमत देऊ नये. हे प्रत्यक्ष येऊन, गंज खरवडून आणि जोड तपासूनच सांगता येते.

उत्तर : एरंडेल

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. मुलांना मल्लखांब शिकवण्यात तीस वर्षे गेली, आता अधूनमधून व्यायामशाळेत जातो. उलटा_लोलक यांनी उत्तम लिहिले आहे, परंतु त्यांच्या उत्साहात एक गोष्ट झाकली गेली आहे असे मला वाटते.

मल्लखांबाची विद्या पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केली, तेव्हापासून ती हाताखालून हाताखाली आली आहे. दोरीवर गाठ मारायची नसते, हे तर बाळ, तुला माहीतच आहे. दोरी शरीराभोवती योग्य क्रमाने गुंफली गेली तरच ती पेलते, आणि क्रम चुकला तर खाली उभ्या असलेल्या शिक्षकाचा हात मुलाच्या पाठीशी जातो. तो हात विचार करून जात नाही. सर्कशीतही तेच. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये आपली सर्कस उभी केली, तेव्हापासून कितीतरी मराठी मुले तंबूत झुल्यावर चढली असतील. झुल्यावर नवे काम शिकणाऱ्याच्या कमरेला पट्टा बांधतात आणि त्याची दोरी खाली उस्तादाच्या हातात असते. पडद्यावरचा प्रशिक्षक डोळे देऊ शकतो, दोरी धरू शकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मी स्वतः फोनवरून मुलांना शिकवले, पण जमिनीवरच्या व्यायामापलीकडे एकही गोष्ट करू दिली नाही. पालक नाराज झाले, त्याला माझा इलाज नव्हता.

तेव्हा मला पडणारा प्रश्न पैशांचा नाही. तू सराव करतेस तेव्हा त्या शेडमध्ये खाली कोण उभे असते? तू ते लिहिलेले नाहीस, आणि न लिहिण्यातच उत्तर आहे अशी मला शंका येते.

खांद्याविषयी एवढेच, की आधी फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखव. मल्लखांबावरच्या अढी आणि दसरंग घोटून आलेल्या मुली पायांनी फार भक्कम असतात आणि हातावर लोंबकळताना खांद्याचे पाते खाली ओढायचे विसरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण दुखत असेल तर अंदाजावर राहू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर : सुताची_दोरी

सर्वांचे मनापासून आभार. सर, आपली शंका खरी आहे. खाली कोणीही नसते. मामांचा वॉचमन गेटवर असतो, पण माग चालू असताना मी हाक मारली तरी त्यांना ऐकू येणार नाही. पुण्यात वर्गात नेहमी आठदहा जण असायचे, त्यामुळे हा प्रश्न कधी मनातही आला नव्हता.

नट_बोल्ट, कापड मधल्या पट्टीलाच बांधलेले होते. काल रात्री उतरवले. उतरवताना स्विव्हलच्या (कापड गोल फिरू देणाऱ्या जोडाच्या) फटीतही रुई आणि राळ यांचा घट्ट गोळा सापडला, आणि तो गेले काही दिवस जड फिरतो आहे ते कशामुळे हेही कळले.

इंग्लंडच्या प्रशिक्षिकेने कालच्या मेलमध्ये टांगण्याच्या व्यवस्थेचा तपशील आणि सरावाच्या वेळी हजर असणाऱ्या व्यक्तीची माहिती मागितली आहे. हे दोन्ही लिहून दिल्याशिवाय ती पहिला तास ठरवणार नाही. आठवड्यापूर्वी मला हा चोखंदळपणा वाटला असता.

उत्तर : उलटा_लोलक

सरांचा मुद्दा मान्य. माझ्या घरी माझी बहीण खाली बसलेली असते. मी ते इतके गृहीत धरले होते की लिहायचेच राहिले. फोन कुठे ठेवायचा, कापडात पाय अडकला तर मोकळ्या कापडाला कसा ताण द्यायचा आणि कधी हात लावायचा नाही, हे तिला शिकवायला दोन रविवार लागले. प्रशिक्षिका चांगली दिसते, तिला सोडू नका. ड्रॉपचे काम मात्र शेवटी ठेवा. आधी रचनेतले जोड घ्या, ते गादीपासून मीटरभर उंचीवरही तपासता येतात.

उत्तर : एरंडेल

आमच्याकडे दोरीवर काम केलेल्या दोन मुली महाविद्यालयात आहेत, संध्याकाळी सहानंतर मोकळ्या असतात. सिल्क त्यांनी पाहिलेले नाही, पण खाली उभे राहणे त्यांना येते. शेड पाहायला त्यांच्याबरोबर मीही येईन. पत्ता मंचावर लिहू नकोस, मला स्वतंत्र निरोप पाठव.

प्रश्नकर्तीचे उत्तर : सुताची_दोरी

निरोप पाठवला आहे, सर. शनिवारी मामांच्या ओळखीचे इंजिनिअर कैची पाहायला येणार आहेत. त्यांचे लेखी मत हाती येईपर्यंत कापड कपाटातच राहील. मधल्या काळात रचनेचे जुने चित्रीकरण प्रशिक्षिकेला पाठवते आहे, फसलेल्या प्रयत्नांसकट.